ट्रकवरच्या तोफेचे पाय

कांदा निवडायची चाळणी, कडबाकुट्टी, दोन ट्रॉल्या आणि आता ट्रकवर बसवलेल्या तोफेचं चार फुटी मॉडेल. सगळं याच हातांनी केलं, शिकवायला कुणी नव्हतं.

आज पारनेरला शाळेत प्रदर्शन होतं. मी रुबाबात सांगत होतो, ही तोफ ओढावी लागत नाही. ट्रक थांबतो, गोळे सोडतो आणि शत्रूचं उत्तर यायच्या आत जागा सोडतो.

तोफखान्यातून निवृत्त झालेले शेखचाचा वाकून बघत म्हणाले, "नळी वर हाय, पन मागचे पाय जमिनीत न्हाईत. असा गोळा सोडला तर ट्रक जागेवर ऱ्हायचा न्हाई."

मी म्हणालो, "चाचा, तुमच्या ओढायच्या तोफांचा जमाना गेला." लोक हसले. चाचा "असंल बाबा" म्हणून निघून गेले.

दुपारी घरी गोळाबारीचे व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिले. प्रत्येक वेळी आधी लोखंडी पाय जमिनीत, मगच गोळा. चूक माझीच होती.

तसाच चाचांच्या घरी जाऊन माफी मागितली. म्हणाले, "तुमी बघून शिकलात, आमी दणके खाऊन. बसा, चहा घ्या."

अपमान सगळ्यांदेखत केला आणि माफी घरात मागितली, हे मला पटत नाही. म्हणून इथे, सगळे वाचतील अशा ग्रुपवर लिहितोय. तेव्हा हसलेल्यांपैकी कुणी हे चाचांना वाचून दाखवेल का?

आत्ताच एका हॉटेलवाल्याचा फोन आला, मॉडेल आहे तसं दारात ठेवायला मागत होता. चुकीची तोफ विकणार नाही, म्हणालो. पंचवीस हजार देत होता.