अज्बूकची वहाण

म्हातारा पेलेत रोज सकाळी तळ्यावर पाण्याच्या दोन कातडी पिशव्या भरतो आणि यरुशलेमच्या तटाबाहेर उतरून किद्रोनच्या ओढ्याकडे जातो. तिथे एक अंजिराचं झाड उरलंय, त्याच्या मुळाशी ओततो. तळ्यावरच्या बायका हसतात. हसोत बापड्या. हिज्कीया राजाने पाणी आणलं, असं त्या लेकरांना सांगतात. भुयारात कुदळ कुणाच्या हातात होती, ते कोण विचारतो?

पेलेत जातीचा पाथरवट. अश्शूरची फौज चालून येणार म्हणून गिहोनचा झरा खडक फोडून शहराच्या आत, तळ्यात वळवायचा हुकूम निघाला, तेव्हा दोन टोकांना दोन टोळ्या लागल्या. पेलेत झऱ्याकडच्या टोळीत होता. अडचण एवढीच की झऱ्याचा जुना पाट तटाबाहेरच्या मळ्यांना पाणी द्यायचा, आणि शत्रूला पाणी मिळू नये म्हणून तो आता बुजवायचा होता. पाटावरचा पहिलाच मळा पेलेतच्या मेहुण्याचा, शेमेरचा.

मुकादम अज्बूकने पेलेतला बाजूला घेतलं. मळेकरी दुसऱ्या कुणाला पाटाला हात लावू देणार नाहीत, तुझं मात्र ऐकतील, असं म्हणाला. शत्रूची पाठ फिरली की पाट पुन्हा उघडू, हा माझा शब्द. आणि त्याने पायातली वहाण काढून पेलेतच्या हातात ठेवली. वहाण दिली की शब्द बांधला गेला, ही आमची बापजाद्यांची रीत.

शेमेरने ती वहाण उलटसुलट करून पाहिली.

"दाजी, ही वेशीत दिली का? दहा वडीलधारे साक्षीला बसले होते?"

"राजाच्या माणसाकडे साक्षीदार मागू? बरं दिसतं का ते?"

"मग माझा भरवसा वहाणेवर नाही, तुमच्यावर. माझ्या बहिणीचे धनी आहात तुम्ही."

आणि शेमेरने स्वतः दगड वाहून पाट बुजवायला मदत केली.

भुयार पुरं झालं. शेवटचा तीन हात खडक उरला असताना पलीकडच्या टोळीने पेलेतचीच हाक ऐकली आणि त्या रोखाने घाव घातले. त्या दिवशी त्याची छाती अभिमानाने भरून आली होती. पुढे अश्शूरची फौज आली, तटाला वेढा घालून बसली, आणि शेवटी निघून गेली. शहर वाचलं. पाट मात्र कोणी उघडला नाही.

गरज सरो, वैद्य मरो. पेलेतने मुकादमाच्या दारात तीनदा खेटे घातले. पहिल्यांदा तो जेवत होता, दुसऱ्यांदा झोपला होता, तिसऱ्यांदा त्याने ओळखच दाखवली नाही. तोवर डाळिंबं वाळून गेली होती. अखेर पेलेत वहाण घेऊन वेशीत गेला. दहा वडीलधारे बसले, अज्बूकला बोलावलं. त्याने वहाण हातात घेऊन शांतपणे पाहिली.

"माझीच आहे. कामावर हरवली होती. बरं झालं, सापडली."

ती त्याने सगळ्यांदेखत पायात घातली. वडीलधाऱ्यांनी विचारलं, देताना कोण होतं? कोणी नव्हतं. मग ते काय करणार! पेलेत घरी परतला तेव्हा हातात काहीच नव्हतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

शेमेर बायकापोरं घेऊन यरीहोला निघाला, परक्याच्या खजुरांवर राबायला. पेलेत तळ्याच्या पाण्याच्या दोन पिशव्या घेऊन वाटेवर उभा राहिला. प्रवासाला होईल म्हणाला. शेमेरने पिशव्या घेतल्या, मळ्यात मागे गेला आणि दोन्ही अंजिराच्या मुळाशी रिकाम्या केल्या.

"शेमेर, मलासुद्धा त्या अज्बूकनेच फसवलं रे."

"तुम्हाला अज्बूकने फसवलं असेल, दाजी. मी अज्बूकला ओळखतही नव्हतो."

त्याने रिकाम्या पिशव्या पेलेतच्या हातात दिल्या आणि गाढव हाकललं. त्याच पिशव्या पेलेत अजून वाहतो. झाडाला दरसाल अंजिरं धरतात. पिकून खाली पडली तरी तो एकही तोंडात घालत नाही.