ऑपरेटरबाईंचे दहा आकडे

वरच्या मजल्यावरच्या ऑपरेटरबाईंना तुम्ही किती ओळखत होता, असं घड्याळजींना कोणी विचारलं असतं, तर ते नेहमीप्रमाणे आधी चष्मा पुसत बसले असते. एकवीस वर्षं एकाच जिन्याने दोघांची जा-ये, पण बाईंचं माहेर कुठलं, त्यांना कशाचं दुःख होतं, रात्री झोप लागत होती की नाही, यातलं घड्याळजींना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना माहीत होती ती बाईंची चाल. तळमजल्यावरच्या आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात खाली मान घालून बसलं तरी जिन्यावरची पावलं ऐकू येत, आणि बाईंचं पाऊल कधी अडखळलं नाही. तेवढ्यावर माणसाबद्दल लिहायचं म्हणजे काटे नसलेल्या घड्याळात वेळ बघण्यासारखं. तरी जे डोळ्यांदेखत घडलं, तेवढं तरी सांगता येतं.

बाई एकोणतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होत्या. हाताने वायर खुपसून लाइन जोडायचे दिवस. शहरातले चारेकशे नंबर त्यांना तोंडपाठ होते. नंबर लिहून ठेवणाऱ्या मुलींना त्यांच्यात ‘वहीवाल्या’ म्हणायचे, आणि वहीवाली होणं म्हणजे नाक कापून घेणं. एकदा कोणा बड्या साहेबाने, चाललेलं एक बोलणं तोडून मला लाइन द्या, असं फर्मावलं. बोलणं एका आजारी मुलाच्या बापाचं डॉक्टरांशी चाललं होतं. बाई म्हणाल्या, बोलणं चालू आहे, थांबा. साहेबाने लेखी ताकीद काढली. ती ताकीद बाईंनी कपाटात साड्यांच्या घडीत जपून ठेवली होती. नवऱ्याचं टेबलावरचं घड्याळ दुरुस्तीला देताना हे सगळं त्यांनी घड्याळजींना सांगितलं, आणि पाटावर बसलेल्या पाहुण्याने मान डोलवावी तशी घड्याळजींनी नुसती मान डोलवली.

त्या घड्याळाचे पैसे घड्याळजींनी घेतले नाहीत. बाईंना फुकटचं काही पचत नसे. त्या दुसऱ्या दिवशी खाली आल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही त्या फोनवर घड्याळं उघडण्याचे व्हिडिओ बघता ना? माझं वायफाय वापरा. घ्या पासवर्ड.” मग सावकाश एकेक आकडा सांगितला. दोन-दोन-सात-एक-चार, पाच-शून्य-तीन-तीन-नऊ. पहिले पाच जुन्या अग्निशमन केंद्राचे, पुढचे पाच मोठ्या दवाखान्याचे. “आता परत म्हणा,” त्या म्हणाल्या. एक्स्चेंजातली सवय. घड्याळजींनी परत म्हटला. चुकला. पुन्हा म्हणायला लावला.

पुढे दोन वर्षं घड्याळजी दुपारी दुकान अर्धं ओढून वरच्या वायफायवर परदेशातली जुनी घड्याळं उलगडताना बघत. मग एक दिवस ते बंद पडलं. वरच्या वायफायचं नाव फोनवर दिसे, पण जोडलं जाईना. घड्याळजींनी काय समजायचं ते समजून घेतलं. आपण फार वापरत असू, बाईंना जड झालं असेल, तोंडावर सांगणं बरं दिसत नाही म्हणून गुपचूप बदलला असेल. विचारायला जावं तर पायात मणामणाच्या बेड्या. त्यांनी काही विचारलं नाही. उलट बाईंची चाहूल लागली की भिंग डोळ्याला लावून मान अधिकच खाली घालू लागले. बाईंनाही ते कळलं असणार. त्यांनी खाली डोकावणं कमी केलं. असे आठ महिने गेले.

आठ महिन्यांनी बाईंचा फोन पाण्याच्या बादलीत पडला आणि गेला. परगावी राहणाऱ्या मुलाने नवा पाठवला. नव्या फोनला पासवर्ड हवा. बाईंनी दहा आकडे टाकले. चुकीचा. पुन्हा टाकले. चुकीचा. जुन्या फोनबरोबर सिमही गेलं होतं, म्हणून शेजारच्या इमारतीतून मुलाला फोन लावला, तर तो हळू आवाजात म्हणाला, आई, तू विसरली असशील. बाई म्हणाल्या, मी विसरले नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या नऊ महिने आधी बाईंकडून एकदा गॅस चालू राहिला होता. पातेलं जळून कोळसा झालं, बाकी काही नाही. पण मुलाच्या मनात ते बसलं होतं. त्याने आपल्या घरातली एक खोली रिकामी करून ठेवली होती आणि तो प्रत्येक फोनला तेच काढी. त्याने आईच्या कपाटावर एक छोटा कॅमेराही बसवला होता, म्हणजे तिकडे बसून ती पडली-बिडली तर दिसेल. आता पासवर्डही विसरली म्हटल्यावर त्याने ठरवून टाकलं. रविवारी गाडी घेऊन येतो, म्हणाला, दोन बॅगा भरून ठेव. घर नंतर बघू.

बाईंनी एकही बॅग भरली नाही. त्या तीन दिवस तेच दहा आकडे टाकत राहिल्या. मुलगा कॅमेऱ्यातून बघत होता. शनिवारी त्याने शेजाऱ्यांच्या फोनवर सांगितलं, आई, तू सारखं तेच तेच करते आहेस, बघवत नाही मला. हा निरोप मिळाल्यावर बाई घरी आल्या, स्टुलावर चढल्या आणि कॅमेऱ्यावर ओलं फडकं वाळत घातलं.

रविवारी अकराच्या सुमारास मुलगा आला. चांगला माणूस, दिसायला बापासारखा. तो आधी घड्याळजींच्या दुकानातच शिरला.

“काका, एखादी बारीक सुई आहे का? वायफायच्या डब्याच्या मागे भोक असतं, त्यात टोचलं की सगळं पुसून पहिल्यासारखं होतं. आई तीन दिवस अडून बसली आहे.”

घड्याळाच्या पट्ट्याची कडी काढायची सुई घड्याळजींनी त्याच्या हातात ठेवली. ती परत देत तो म्हणाला, तुम्हीच चला वर, तुमचा हात हलका आहे. खरं म्हणजे घड्याळजींचा हात अलीकडे थरथरत असे, पण नाही म्हणायला जीभ लागते. ते गेले.

बाई दारासमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर नवा फोन, मागच्या फळीवर वायफायचा डबा, आणि खुर्ची अशी ठेवलेली की डब्यापर्यंत जायचं तर बाईंना ओलांडून जावं लागावं. घड्याळजींना बघून त्या म्हणाल्या, “या. आठ महिन्यांनी वाट चुकलात.” घड्याळजींची मान खाली गेली.

मुलाने समजावलं. चूक कोणाची हा प्रश्नच नाही, वयाने होतं असं, सगळ्यांचं होतं. एक टोचणी, दोन मिनिटांचं काम. मग जेवू आणि निघू.

“प्रश्न तोच आहे,” बाई म्हणाल्या. “आधी चूक कोणाची ते ठरू दे, मग टोच. आज तू हे पुसलंस की मी विसरले हे कायमचं खरं होईल. उद्या तुझ्या बायकोला सांगशील, परवा डॉक्टरला.”

“आई, नंबर लागत नाहीये. याहून काय ठरायचं राहिलं?”

“चारशे नंबर डोक्यात घेऊन मी एकोणतीस वर्षं बसले. त्यातले दोन मला आठवत नाहीत म्हणतोस? दोन-दोन-सात-एक-चार, पाच-शून्य-तीन-तीन-नऊ. यंत्र चुकतंय.”

मुलाने घड्याळजींकडे बघितलं, दोन शहाणी माणसं वेड्यासमोर एकमेकांकडे बघतात तसं. ती नजर घड्याळजींना सहन झाली नाही. तेच आकडे होते. त्यांनी दोनदा परत म्हणून पाठ केलेले. म्हणजे बाई विसरल्या नव्हत्या, आणि म्हणजे नंबर बदलला होता, आणि तो बाईंनी बदललेला नव्हता. एवढं सगळं डोक्यात स्वच्छ दिसत होतं, पण ते तोंडापर्यंत आणायचं म्हणजे आठ महिन्यांचा रुसवा उघडा करायचा. त्यांनी खिशातला फोन चाचपला.

“माझंही बंद पडलं,” ते म्हणाले.

कोणाला काही कळलं नाही. मग ते तुटक तुटक बोलले. बाईंनी हाच नंबर दिला होता. दोन वर्षं चालला. एके दिवशी दुपारी बंद झाला. कुठला दिवस तेही त्यांना सांगता येत होतं, कारण त्या दिवशी जिन्यावरून शिडी नेताना मुलाने दुकानाच्या पाटीला धक्का लावला होता.

“शिडी?” मुलगा म्हणाला.

“कॅमेऱ्याची,” बाई म्हणाल्या.

मुलाने घड्याळजींचा फोन मागून घेतला. जुनी जोडलेली ठिकाणं फोन विसरत नाही, माणसासारखाच. त्याने दोन-चार ठिकाणी बोट लावलं, घड्याळजींना फोन उघडायचा आकडा घालायला लावला, आणि बाईंच्या वायफायच्या नावाखाली ते दहा आकडे उमटले. तो ओठ हलवत एकेक वाचू लागला.

“मोठ्याने,” बाई म्हणाल्या.

त्याने मोठ्याने वाचले. दोन-दोन-सात-एक-चार. पाच-शून्य-तीन-तीन-नऊ.

मग त्याला आठवलं. कॅमेरा बसवताना फोनवरच सूचना आली होती, पासवर्ड सोपा आहे, बदला. त्याने आईच्या फोनवरूनच बदलला, घाईत काहीतरी टाकलं, आईच्या फोनमध्ये आणि कॅमेऱ्यात जुळवून दिलं, सगळं चाललं, म्हणून सांगायचं राहून गेलं. काय टाकलं होतं?

“आठवत नाही,” तो म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. “बॅगा भरू का तुझ्या?” एवढंच विचारलं.

तो खाली बसला. मग म्हणाला, “आणि गॅस?”

“गॅस माझ्याकडून राहिला. त्याच दिवशी मीच तुला फोन करून सांगितलं ना? माझी चूक मला दिसते. म्हणूनच दुसऱ्याची मी अंगावर घेत नाही.”

बाईंनी खुर्ची सरकवली, घड्याळजींच्या हातातून सुई घेतली आणि भोकात स्वतः टोचली. मनात दहा मोजले. डब्यावरचे दिवे विझले आणि एकेक करत परत लागले. डब्याखालची, कंपनीचा पासवर्ड छापलेली चिठ्ठी झिजली होती. घड्याळजींनी भिंग लावून ती वाचली आणि ते अक्षर न अक्षर बाईंनी फोनमध्ये घातलं. नवा पासवर्ड ठेवायची वेळ आली तेव्हा त्या मुलाला म्हणाल्या, “तोंड फिरव.”

“मग कॅमेरा कसा जोडायचा?”

“नाही जोडायचा. मला बघायचं असेल तर दाराची बेल वाजव.”

त्याने तोंड फिरवलं. जेवून तो गाडी घेऊन गेला, मागची सीट रिकामी. जाताना त्याने जिन्यात घड्याळजींचा हात दोन्ही हातांत धरला, पण तो काय म्हणाला ते त्यांना नीटसं आठवत नाही.

तो गेल्यावर बाई दुकानात आल्या.

“आठ महिने तोंड शिवून बसलात. मला वाटलं, बायकांच्या उपकाराची लाज वाटायला लागली.”

“मला वाटलं, तुम्हीच बंद केलंत.”

“मला बंद करायचं असतं तर इथे उभं राहून सांगितलं असतं. लाइन तोडायच्या आधी आम्ही तीनदा विचारायचो, घड्याळजी.” मग त्यांनी वाकून नवा नंबर सांगितला, दहा आकडी, आणि म्हणाल्या, “परत म्हणा.”

ते दहा आकडे कोणत्या दोन ठिकाणांचे होते हे घड्याळजींनी विचारलं नाही. बाई त्यानंतर अडीच वर्षं त्याच घरात, त्याच खुर्चीत, एकट्या राहिल्या. मुलगा दर महिन्याला येऊन बेल वाजवी. एका दुपारी बाई वामकुक्षीतून उठल्या नाहीत. त्या दिवशी बेल वाजवून मुलाने दारात वाट बघितली आणि मग कुलूप तोडलं. वायफाय पुढे पंधरा दिवस चालू होतं.

बाई गेल्या त्याच दिवशी, सकाळी दहा वाजता, त्या पिशवी घेऊन जिना उतरल्या होत्या आणि दुकानाशी थांबल्या होत्या.

“बाजारात जाते. काही आणू?”

“नको, नको.”

“नको म्हणायला सांगितलं नाही. काय आणू?”

घड्याळजींनी भिंग काढलं. “लिंबं मिळाली तर दोन.”

“लिंबं, दोन,” बाईंनी परत म्हटलं, आणि गेल्या.