फोन-इन कार्यक्रमात आमचे हे

निवडणूक तिकडे भारतात, आणि डोकं उठलेलं माझं, इकडे आखातात, नईममध्ये! कारण आमचे हे. सकाळी गाडी सुरू केली की फोनवर तिकडचा रेडिओ लावायचे. त्यातला एक निवेदक रोज घसा फोडून ओरडायचा, की आपल्याच पक्षाला मत द्या, नाहीतर 'ते लोक' तुम्हाला गिळून टाकतील. श्रोते फोन करून त्याचीच री ओढायचे.

आणि मागच्या सीटवर त्या 'लोकां'पैकीच एक बसलेली असायची, आमच्या वरच्या मजल्यावरची रत्नागिरीची भाभी. मला बँकेपाशी सोडून दोघं पुढे मीना सलमान बंदराकडे जात, तिथेच तिचंही ऑफिस. माझं ऑपरेशन झालं तेव्हा माझी पोर हिच्याच घरी जेवली, हिच्याच कुशीत झोपली. मी यांना म्हणायची, "अहो, बंद करा ती कटकट." तर हे म्हणायचे, "नुसतं ऐकायला काय जातं?"

काय जातं ते कळलंच. हे घरीही त्या निवेदकासारखं बोलायला लागले. मतदानाला जायला लीव्ह टाकली. एकदा तर गाडीत भाभीला चक्क "तुमचे लोक" म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "ताई, मी आता बसने जाईन." नंतर जिन्यात भेटली तरी नुसती मान हलवायची. इतक्या वर्षांची मैत्रीण हातची चालली होती, माझा नुसता जीव तुटायचा.

एका शुक्रवारी (इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी) सकाळी यांचा फोन त्या कार्यक्रमात लागला. कोण आनंद! मला मिक्सर बंद करायला लावला. निवेदकाने विचारलं, "तिकडे त्या लोकांत राहता, भीती नाही वाटत?"

"भीती कसली?" हे सहज बोलून गेले. "बायको हॉस्पिटलात होती तेव्हा वरच्या भाभींनीच तर आमची पोर..."

"बघा मंडळी, परदेशात जाऊन माणसं कशी विकली जातात!" आणि फोन कट. लगेच पुढचा श्रोता.

हे फोनकडे बघतच राहिले. "अगं, मी खरं तेच सांगत होतो की!"

"मग आता वर जाऊन सांगा!" मी कडाडले.

निमूट गेले. मीही मागोमाग. दारात उभं राहून यांनी भाभीला सगळं सांगितलं. "मत कुणाला द्यायचं ते माझं मी बघीन. रविवारपासून गाडीत या, तो रेडिओ लागणार नाही."

"रेडिओचं सोडा, भाऊ," ती म्हणाली. "तो मला ओळखत नाही. तुम्ही तर ओळखत होतात ना?"

यांचा चेहरा खर्रकन उतरला. "चुकलं, भाभी."

तिने दार पूर्ण उघडलं. मग म्हणाली, "येते रविवारी."

इंशाल्ला म्हणाली असती तर मला घोर लागला असता. इथे त्याचा अर्थ पुष्कळदा 'बघू' एवढाच असतो. पण ती येते म्हणाली. इतकं हायसं वाटलं की जिना उतरताना मला रडूच फुटलं.