डाव्या चाकाचा आवाज

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये होतो. त्याला आता महिना होईल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, त्यातून शाखा ऑटोमोबाईल. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, जन्मभर मिठागरात राबली. सहीसुद्धा शिकायची राहिली तिची. तिची एक गोष्ट मी लपवून ठेवली आहे...

गेल्या वर्षी तिला चिरनेरहून पनवेलला घरी आणत होतो. गाडीत आम्ही दोघंच. एक गतिरोधक ओलांडताना पुढून खट्ट आवाज आला. ती मागून म्हणाली, "पुढच्या डाव्या चाकाशी काय तरी ढिला झालाय. खड्डा सरला तरी गाडी डुलते."

"टायरात हवा कमी आहे, आत्या. तुला त्यातलं काय कळतं?"

"मना काय कलनार? इंजनेर तू हायस."

हवा भरली, आवाज तसाच राहिला. दोन दिवसांनी बाबांबरोबर कामोठ्याच्या गॅरेजमध्ये गेलो. मेकॅनिकने काय होतंय विचारलं आणि मी आत्याचं वाक्य जसंच्या तसं बोललो, माझं म्हणून. त्याने बॉनेटचा डावा कोपरा दाबून सोडला. गाडी वर येऊन थांबायला हवी होती, ती डुलतच राहिली. चाकामागे वाकून पाहिलं तर धक्के झेलणारा शॉकअप तेलाने ओला. "हा गेला. पण बदलायचे तर दोन्ही बाजूंचे, जोडीने," तो म्हणाला. मग बाबांकडे बघून, "पोरगा तयार आहे तुमचा."

बाबांनी ते सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. एकदा आत्यासमोरही. मी खाली बघत होतो. ती सुपारी कातरता कातरता म्हणाली, "मग, शिकलाय तो." तेव्हा तरी बोलायला हवं होतं... मी नुसता हसलो.

तिच्या बाराव्याला बाबांनी पाहुण्यांना तोच किस्सा सांगितला आणि मी पुन्हा गप्प बसलो. म्हणून हे लिहिलं. छापायला देण्याआधी बाबांना वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, "पन तिला कसा कललां?"

गाडीत बसताना आत्या चपला काढायची, अनवाणी पाय खाली टेकवून बसायची. बरोबर मित्र असले की मला त्याची लाज वाटायची. मिठागरातली जमीन नीट तुडवून झाली की नाही, हे ती तळव्यांनी ओळखायची, असं ऐकलं होतं. गाडीचंही तसंच असेल का... मी तिला कधी विचारलंच नाही.