मापाचा ब्लाउज आणि कुसुमताई

सेलूच्या कुसुमताईंना पंचाहत्तरावं वर्ष लागलं, म्हणून त्यांच्या शिवणवर्गातल्या आम्ही साऱ्याजणी हा गौरवग्रंथ काढतो आहोत. माझी त्यांची पहिली भेट मात्र काही गौरवाची नव्हती. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून मी माहेरी परतले होते आणि भावाने मला त्यांच्या दारात आणून उभं केलं. ‘काय शिकाचं तुले?’ ताईंनी विचारलं. मी म्हटलं, ‘भाऊ म्हणेल ते.’ ताईंनी भावाला बाहेर बाकावर बसवलं आणि तोच प्रश्न मला पुन्हा केला. मला त्यांचा असा राग आला म्हणता!

ताईंची शिस्त कडक. माप घेऊन झालं की गिऱ्हाइकाचा जुना ब्लाउज आधी शेल्फवर ठेवायचा, मगच कापडाला कातर लावायची. मी हा नियम मोडला. हिंगणीच्या एका शिक्षिकांचा मापाचा ब्लाउज कापडाखालीच राहिला आणि मी दोन्ही कापून मोकळी झाले! रडत रडत सांगू लागले, लाइट मंद होता, टेबलावर पसारा होता, घरच्या कटकटीने डोकं ठिकाणावर नव्हतं. यातलं एकही खोटं नव्हतं, बरं का.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं. मग म्हणाल्या, ‘लाइटचं झालं, टेबलाचं झालं. कातर कोनाच्या हातात होती? उद्या हिंगणीले जाजो अन् सोताच्या तोंडानं सांगजो.’

गेले. बाईंनी मला चांगलंच फैलावर घेतलं. बोलून दमल्यावर म्हणाल्या, ‘आता माप कशावरून घेशील?’ मी पिशवीतून टेप काढला. परतताना एसटीत किती हलकं वाटत होतं, काय सांगू!

त्याच संध्याकाळी भावाने सांगितलं, सासरच्यांशी बोलणं झालंय, सोमवारी तुला पोहोचवतो. मी म्हणाले, ‘मी जाणार नाही. खोली घेईन, शिवण करीन. चुकलं तर माझं चुकेल.’ भाऊ कित्येक महिने बोलला नाही. ताईंनी वर्गातलं एक मशीन मुकाट्याने माझ्या खोलीवर पोहोचवलं. आज केळझरला माझं दुकान आहे.

हा लेख त्यांना वाचून दाखवला. ‘ताईंनीच माझं आयुष्य घडवलं’ या वाक्यावर त्या भडकल्याच. ‘खोड ते! घर तू सोडलं, दुकान तू चालवून राह्यली. माह्या नावावर काऊन लिहितं?’

ताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि त्यांचा दरारा अजून पुष्कळ पोरींच्या वाट्याला येवो. ते वाक्य मी खोडलं आहे. माझं आयुष्य मी घडवलं.