मामाजींची बर्फाची गाडी

लग्न होऊन मी भंडाऱ्याहून बालाघाटला आले, त्या दिवशी दारात एक पांढरी व्हॅन उभी होती आणि माझे सासरे तिच्यात अनवाणी बसले होते. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मला वाटलं, मामाजींच्या पायाला काही लागलं असेल. तसं काही नव्हतं. गाडीत पाय ठेवण्याआधी ते चपला काढायचे. कोणी दार धाडकन लावलं, तर स्वतः उतरून, वळसा घालून यायचे, ते दार पुन्हा उघडायचे आणि हळूच लावायचे. तोंडाने एक शब्द नाही. पाहुण्याला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मामाजी म्हणजे वसंता रामटेके. उकव्याच्या मँगनीज खाणीत पंपावर होते. रिटायर झाल्यावर लोक घरावर मजला चढवतात, ह्यांनी जुनी व्हॅन घेतली. सासूबाई चंपाबाई त्यावरून बरेच दिवस धुसफुसत होत्या म्हणे. गाडी आमची होती ती फक्त कागदावर. दसऱ्याला दीक्षाभूमीला जाणारे, परीक्षेची पोरं, विहाराचे भोंगे, अडलेल्या बाळंतिणी, सगळ्यांचा तिच्यावर हक्क होता. कोणी कुठे बसायचं तेही ठरलेलं. मला, घरच्या सुनेला, मागे सतरंजीच्या गठ्ठ्यावर जागा मिळायची. एकदा मी कुरकुर केली, तर मामाजी म्हणाले, "बाई, तू तं घरची हायेस."

पण मोहल्ल्यात ती ओळखली जायची बर्फासाठी. कोणी गेलं आणि मुलगा नाहीतर मुलगी बाहेरगावी असली, की येईपर्यंत माती थांबवावी लागते. शीतपेटी भाड्याने मिळते, पण आमच्या भागात एकच, आणि ती नेमकी दुसऱ्याच कुणाकडे गेलेली असते. मग लोक आमच्या फाटकाशी यायचे. मामाजी मागची सीट काढायचे, स्टेशनपलीकडच्या कारखान्यातून बर्फाची लादी धानाच्या भुशात गुंडाळून आणायचे आणि पोचवून यायचे. एवढ्या कामात ते चपला काढायला विसरायचे नाहीत.

हे खूळ आलं कुठून ते सासूबाईंनी मला सांगितलं. मामाजींची आई कटंगीजवळच्या गावात वैशाखात वारली. निरोप उकव्याला पोचला, मग बालाघाट, मग कटंगी, अशा बसगाड्या बदलत हे पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. उन्हापुढे गावकरी तरी काय करणार? आईचं तोंड पाहायला मिळालं नाही. त्यावर मामाजी स्वतः कधी बोलले नाहीत. गाडी मात्र घेतली त्या वर्षापासूनच बर्फ वाहू लागली.

मागच्या उन्हाळ्यात व्हॅन खड्ड्यातून गेली की कण्हायला लागली. मोहित मिस्त्रीने ती जॅकवर उचलली, खाली सरकला आणि तळाच्या पत्र्यात पेचकस टोचला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. बाहेर ओढला तर काळा, कुजलेला भुसा भुरभुर खाली पडला.

"चाचाजी, ये गाडी में धान बोया था क्या?" मोहितने विचारलं.

मामाजींनी चिमूटभर भुसा उचलून बोटांत चोळला. त्यांना कळलं, मलाही कळलं. बर्फाचे साचे मिठाच्या पाण्यात बुडवून गोठवतात, त्यामुळे कारखान्यातून लादी निघते तीच मिठाचं पाणी घेऊन. एवढी वर्षं ते पाणी आणि तो भुसा पत्र्याखाली झिरपत होता. मोहल्ल्यातल्या प्रत्येक मौतीने गाडीचा थोडा थोडा घास घेतला होता.

मोहितने स्वच्छ सांगितलं. वरचा पत्रा ठीक आहे, पण ज्यावर सगळी गाडी उभी असते तो खालचा सांगाडाच सडला आहे. पत्र्याच्या पट्ट्या मारून, रंग फासून देतो, कोणाला दिसणार नाही. पण वजन पडलं तर कधी मोडेल ह्याचा भरवसा नाही.

घरात खल सुरू झाला. नागसेन, म्हणजे माझा नवरा, हिशेबी माणूस. तो म्हणाला, "बाबा, पट्टी मारा आन् विकून टाका. घेनारा पाहून घेईन त्याचं." मीही त्याच्याच बाजूची होते, खोटं कशाला बोलू? ती गाडी रस्त्यात दुभंगेल आणि मामाजी आत असतील, ह्या विचाराने मला झोप लागत नव्हती. गाडी दारातून जावी, एवढंच मला हवं होतं. कशी जाते त्याच्याशी मला देणंघेणं नव्हतं.

मामाजी जेवत होते. सासूबाईंनी त्यांच्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाल्या, "विका ना. मी काहून नाही म्हनू? पन मी मेली तं मायासाठी लादी कशात आनाल? मंजुषा नागपूरवरून येईपर्यंत मले कोन थांबवन?"

मंजुषा म्हणजे माझी नणंद. मामाजींचा घास हातातच राहिला. मग त्यांनी ताट सारलं आणि बाहेर गाडीपाशी जाऊन उभे राहिले. मला सासूबाईंचा असा राग आला! गाडी जाता जाता त्यांनी अडवली, असं मला वाटलं.

रविवारी कटंगीहून भोजराज नावाचं गिऱ्हाईक आलं. नागसेननेच शोधलेलं. माणूस हसरा, बोलका. गाडीभोवती फिरला, दारं उघडून पाहिली, आणि दार लावलंही हळूच. मामाजींचा चेहरा खुलला. मी मनात म्हटलं, जमलं!

"कशासाठी पायजे गाडी?" मामाजींनी विचारलं.

"शाळेची पोरं नेतो, काकाजी. आमच्याकडची लहान लहान पोरं चालत जाऊन राह्यली."

मामाजी उठले. घरातून पोतं आणलं, गाडीखाली अंथरलं आणि भोजराजला म्हणाले, "झोप."

"काय?"

"झोप म्हनतो ना. खाली जाऊन बोट घालून पाह्य."

नागसेनने कपाळाला हात लावला. धुतलेल्या पांढऱ्या शर्टातला तो बिचारा पोत्यावर आडवा झाला आणि काळं बोट घेऊन बाहेर आला. "काकाजी, तुमी गाडी विकून राह्यले का सौदा मोडून राह्यले?" पण गडी चिवट. म्हणाला, "चालते. मी पट्टी मारून घेतो, थोडं कमी करा."

"पट्टी मारून पोरं बसवशीन?"

"सगळेच बसवतात."

"मंग तुले नाही देत," मामाजी म्हणाले आणि त्याच्यासाठी चहा ठेवायला मला सांगितलं.

भोजराज चहा पिऊन गेला. मला इतका संताप आला होता की मी भांडी आदळत होते. आणि भांडी आदळता आदळताच मला त्या म्हाताऱ्याचा अभिमान वाटला. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं, आणि त्यात भांड्यांचे हाल झाले.

व्हॅन शेवटी भंगारात, कबाड्याकडे गेली. मामाजी सोबत गेले आणि कबाड्याने गॅसकटरने तो सांगाडा मधोमध कापेपर्यंत तिथेच उभे राहिले. तिला पट्टी मारून कोणी पोरं बसवायला नकोत, म्हणून. घरी आले ते न जेवता झोपले. दाराशी गाडीचा चौकोन तेवढा कोरडा, गवताविना उरला होता. सकाळी उठून ते त्या चौकोनाशी जायचे, मग आठवण झाली की परत फिरायचे.

पावसाळा संपता संपता मोहल्ल्यातल्या गीताबाई वारल्या. त्यांचा मुलगा अश्विन हैदराबादला. त्यांचा पुतण्या सवयीने आमच्या फाटकाशी आला, आणि रिकामा चौकोन पाहून वळला.

"थांब ना बाबू," मामाजी आतून ओरडले.

शेजारच्या धम्मपालची ऑटो उभी होती. मामाजींनी त्याला उठवलं. धम्मपालने मान खाजवली. "काका, मयताचा बर्फ नेला हे कळलं तं सवारी बसन का माया ऑटोत?"

तेवढ्यात सासूबाई जाड ताडपत्रीची घडी घेऊन बाहेर आल्या आणि ती त्यांनी सरळ ऑटोत टाकली. "घेऊन ये बाबू. एकदा शिकून घे. मायासाठीही तुलेच आना लागन."

धम्मपालने त्यांच्याकडे पाहिलं आणि ऑटो सुरू केली. सासूबाईंवरचा माझा इतक्या महिन्यांचा राग तिथेच विरघळला. बाईने नवऱ्याला अडवलं नव्हतं, नुसतं विचारलं होतं, आणि उत्तरही तिनेच शोधलं.

मी गीताबाईंच्या दारात उभी होते. दोघं परत आले तेव्हा लादी पायाशी होती, मामाजी सीटच्या टोकावर दोन्ही हातांनी तिला धरून बसले होते आणि पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला होता. पाय अनवाणी. चपला मांडीवर. दुसऱ्याची ऑटो, तरीसुद्धा! चौघांनी लादी आत नेली. मामाजी आत गेले नाहीत. त्यांनी माझ्याकडून बादली मागवली, ताडपत्री काढली आणि वाकून ऑटोचा कानाकोपरा धुवायला लागले.

धम्मपाल ओशाळला. "राहू द्या ना काका, मी धुतो."

"हे मिठाचं पानी हाये, बाबू. पत्रा खाते. आनला का लगेच धुजो. मी नाही धुतलं कधी."

दुसऱ्या दिवशी दुपारी अश्विन पोचला. मामाजी गीताबाईंच्या अंगणात कडेला उभे होते. घरी आले, तर सासूबाई ओट्यावर वाट पाहत बसल्या होत्या.

"भेटलं का पोराले?"

"हौ," मामाजी म्हणाले. "पाह्यलं त्यानं मायचं तोंड."

मग ते सासूबाईंच्या शेजारी ओट्यावर बसले, आणि रडले.