शबानाचं वस्तुचित्र

संगमनेरहून घोडेगावला या वयात कोणी हौसेनं जात नाही. सकाळची एस.टी. धरली तेव्हाच गुडघे बोलायला लागले होते. मांडीवर कागदाची गुंडाळी. घोडेगावच्या शाळेत मी चित्रकला शिकवायचो तेव्हा आठवीतल्या शबानानं काढलेलं चित्र. परवा कपाट आवरताना सापडलं आणि जिवाला घोर लागला. ती अजून गावातच आहे, जनावरांच्या बाजारात दोर विकते, एवढं कळलं होतं.

वस्तुचित्र घरून काढून आणायला सांगितलं होतं. तिनं पितळी लोटा काढला, तीन कांदे काढले आणि शेजारी भिंतीला टेकून बसलेली बाई! मी तापलो. बाईवर लाल शाईनं फुली मारली, खाली लिहिलं, 'वस्तुचित्रात माणूस नको. डावा हात चुकला.' ग्रेड परीक्षेला तिचं नाव पाठवलंच नाही. त्यानंतर ती तासाला चित्रकलेची वहीच आणेना.

नगरला गाडी बदलली. स्टँडवरच्या वडापावाचा ठसका लागला तो जाता जाईना. गाडीत गुंडाळी उलगडली, तर शेजारचे टोपीवाले बाबा डोकावले.

"कोन हाय ही?"

"मुलीची आई असावी. कामावरून येऊन दमून बसलीय." मीच दमलेलो, मला दुसरं काय दिसणार!

"दमल्याली बाई पाय पसरती, पाव्हणं. ही तशी न्हाई."

घोडेगावात धूळ, शेणाचा वास, म्हशींचं ओरडणं. बाजाराच्या तोंडाशीच शबाना बसली होती. पुढ्यात कासरे, म्होरक्या (जनावराच्या तोंडाला बांधायच्या दोऱ्या) आणि रंगीत गोंडे. रंग कसे निवडले होते पोरीनं!

"सर? तुमी? लई थकलात वं!" तिनं गोणपाट झटकून मला बसवलं, थर्मासमधला चहा ओतला.

"तुझी माफी मागायला आलोय," म्हणत मी चित्र उलगडलं.

ती माझ्याकडे बघेचना. "अम्मी..." म्हणाली. मग हळू म्हणाली, "तुमीच म्हनला हुता, सर, घरातलं जे हलत न्हाई ते मांडा आन् काढा. लोटा हलत नव्हता. अम्मीबी हलत नव्हती. लकवा झाल्ता. डावा हात आसाच उताना पडायचा."

मी चहा खाली ठेवून चित्र तिच्या पुढ्यात सरकवलं.

"पुढच्या साली गेली. फोटू एकबी न्हाई." ओढणीचं टोक ओलं करून तिनं फुलीवर अलगद फिरवलं. "ही शाई निघंल का, सर?"

शाई निघत नाही, कागद फाटतो, हे मी जन्मभर पोरांना सांगत आलो. तेच तिला सांगावं लागलं.

"ऱ्हाऊ द्या मंग. तोंड दिसतंय तिचं."

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. लाज वाटत होती, फार वाटत होती. अंगात त्राण नव्हतं. माझा डावा हात मांडीवर उताणा पडला होता, तो उचलावासाही वाटेना. नगर येईपर्यंत त्याच्याकडेच बघत बसलो. बरोबर काढला होता पोरीनं.